चूलपट्टी आणि दोन जावा

कोण्या काळची ही गोष्ट, ते नेमकं सांगता यायचं नाही. राजाचा हुकूम तेव्हा हलगीच्या आवाजावर गावात यायचा, एवढं मात्र नक्की. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या थोरांनो, तुम्हीही ऐका, कारण ही गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

एका डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. गावाच्या खालच्या अंगाला तेल्याची दोन घरं होती, एकमेकांना पाठ लावून उभी. थोरला भाऊ शिदोबा, धाकटा भानजी. दोघांचं अंगण एक, घाणा एक आणि बैलही एक. दिवसभर घाणा फिरायचा, आणि संध्याकाळी तेल दोन घरांत सारखं वाटलं जायचं. चुली मात्र दोन होत्या. ही रीत त्यांच्या आईने घालून दिली होती. डोळे मिटण्याआधी ती दोन्ही सुनांना म्हणाली होती, "पोरींनो, पुरुषांना घाण्यावर एकत्र राहू द्या. तुम्ही आपापल्या चुलीपाशी राहा. एका तव्यावर दोघींचे हात आले, की भाकरी करपते."

थोरली सून म्हाळसा. तिला मूलबाळ नव्हतं. धाकटी राही, आणि राहीला एक मुलगी, गोजा. जावा म्हटलं की लोक भांडणंच मनात आणतात. पण या दोघींचं तसं नव्हतं. म्हाळसाचा हात तिखट, राहीचा गोडा. म्हाळसा पहाटेच चूल पेटवून मोकळी व्हायची, राहीचं सगळं सावकाश. एकीचं दुसरीला खपलं नसतं, पण दोघींच्या मध्ये एक भिंत होती, म्हणून सगळं खपून जात होतं. उलट म्हाळसा वाटीभर झणझणीत कालवण घेऊन राहीकडे जायची, आणि राही तिला खीर द्यायची. गोजाचा तर दोन्ही घरांत हक्क. जेवायची वेळ झाली की ती दोन्ही दारांत डोकावायची आणि जिथून वास चांगला येईल तिथे पाट मांडून बसायची. म्हाळसाला ती "थोरली आई" म्हणायची. ती हाक कानावर आली की म्हाळसा हातातलं काम ठेवून दाराकडे बघायची.

असं सगळं चाललेलं असताना एका वर्षी नदीला पूर आला आणि राजधानीकडचा बांध फुटला. बांध पुन्हा घालायचा तर तिजोरीत काही नव्हतं. राजा दुष्ट नव्हता, आणि त्याचा प्रधानही हुशार होता. प्रधानाने विचार करून राजाला सांगितलं, "महाराज, जमिनीवर पट्टी बसवली तर लोक पीक लपवतात. सोन्यावर बसवली तर सोनं पुरून ठेवतात. धूर मात्र कुणाला लपवता येत नाही. प्रत्येक चुलीवर पट्टी बसवू. घर तिथे चूल, चूल तिथे पट्टी. सोपं आहे आणि न्याय्यही आहे."

राजाला ते पटलं. तुम्हालाही पटलं असेल, मला माहीत आहे. ऐकताना पटावं असंच ते होतं.

काही दिवसांनी गावात हलगी वाजली. दवंडीवाला चावडीपुढे उभा राहून ओरडला, "ऐका हो ऐका! यापुढे ज्याच्या घरी चूल, त्याने चूलपट्टी भरावी! जितक्या चुली, तितक्या पट्ट्या!"

त्या संध्याकाळी शिदोबा आणि भानजी घाण्याच्या कट्ट्यावर डोक्याला हात लावून बसले. वर्षभराचं जेवढं तेल शिलकीत पडायचं, जवळजवळ तेवढं पट्टीत जाणार होतं. तेही एकेका घरातून. म्हाळसा दारात उभी राहून ऐकत होती. तिचं डोकं झटकन चालायचं. ती पुढे आली आणि म्हणाली, "त्यात एवढं काय? दोन चुली आहेत म्हणून दोन पट्ट्या. एक चूल मोडू या. सगळे एकत्र जेवू. निम्मी पट्टी वाचेल."

भानजीचा चेहरा उजळला. "वहिनी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही!"

राही मात्र म्हाळसाच्या मागे मागे स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "अक्का, सासूबाई काय सांगून गेल्या होत्या..."

"सासूबाईंच्या काळी धुरावर पट्टी नव्हती," म्हाळसा म्हणाली.

"मग मोडायची कुणाची?"

हा प्रश्न म्हाळसाच्या मनातच आला नव्हता. मग ती म्हणाली, "माझी चूल थोरली आहे, सगळ्यांचं भागेल. तुझी मोडू."

राहीची चूल तिने स्वतःच्या हाताने घातलेली होती. नवी नवरी होऊन आली तेव्हा वारुळाची माती आणून, भिजवून, तुडवून तिने ती घडवली होती, आणि दर सणाला सारवून तिच्यावर पांढरी बोटं ओढली होती. दुसऱ्या दिवशी म्हाळसाने पहार उचलली आणि दोन घावांत ती चूल फोडली. राहीने माती गोळा केली, परड्यात नेऊन टाकली आणि ती जागा शेणाने सारवली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हाळसाला वाटलं, धुळीने येत असेल. पुढे कितीतरी वर्षं म्हाळसाला ती पहार आठवली, आणि दर वेळी तिला तेच वाटत राहिलं, की त्या दिवशी आपण राहीच्या तोंडाकडे नीट पाहायला हवं होतं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. सगळे एका पंगतीला बसायचे, हसणं-खिदळणं व्हायचं. गोजाला वाटलं, रोजच सण आहे.

मग हळूहळू सासू म्हणाली होती तसंच होऊ लागलं. म्हाळसाच्या हातचं कालवण खाऊन राहीच्या पोटात आग पडायची, आणि राहीने केलेलं म्हाळसाला मिळमिळीत लागायचं. म्हाळसाला दिवस उगवायच्या आत भाकऱ्या झालेल्या हव्या असायच्या. राही उठून चुलीपाशी येईपर्यंत म्हाळसाची भांडी आपटायला लागलेली असायची. भानजी मोठ्या भुकेचा माणूस. पूर्वी राही न विचारता त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकायची. आता परात म्हाळसाच्या हाताशी असायची, आणि दुसऱ्याच्या चुलीपुढे बसून भूक सांगायला माणसाला लाज वाटते. तो अर्धपोटी उठायचा. राही ते बघायची आणि गप्प राहायची. तिचं ते गप्प राहणं सगळ्यांत वाईट होतं. जी भांडते तिच्याशी समेट करता येतो. जी गप्प राहते तिच्या मनात काय साठतंय, ते कुणाला कळणार?

एकदा गोजाने दुधाचं भांडं लवंडलं. राहीने तिला धपाटा घातला. म्हाळसा मध्ये पडली, "लेकराला कशाला मारतेस? सांडलं तर सांडलं."

राही म्हणाली, "अक्का, तुमच्या घरात सांडलंय ना, म्हणून मारतेय. माझ्या घरात सांडलं असतं तर मी हसले असते."

"तुमच्या घरात." म्हाळसाने तो शब्द ऐकला आणि ती खाली बसून सांडलेलं दूध पुसू लागली.

गावात घरोघरी हेच चाललं होतं. सगळ्यांनी चुली मोडल्या होत्या. चुलतभाऊ, मेव्हणे, सोयरे, शेजारीसुद्धा पट्टीपायी एका छपराखाली राहायला लागले होते. गावावरचा धूर पातळ झाला. तसाच तो सगळ्या राज्यावरही पातळ झाला, आणि बांध अर्धाच राहिला.

प्रधान संतापला. तो राजाला म्हणाला, "महाराज, प्रजेने आपल्याला फसवलं. चुली मोडून लोक कळपाने राहतायत. आता चुली मोजायच्या नाहीत, तोंडं मोजायची. एका चुलीवर जितकी जास्त तोंडं, तितकी पट्टी चढती ठेवायची. म्हणजे ही लबाडी मोडेल."

राजाला तेही पटलं.

पुन्हा हलगी वाजली. या वेळी दवंडीवाल्याबरोबर राजधानीचा एक कारकून आला होता. त्याने चावडीत बसून नवा कायदा समजावून सांगितला. मोठ्या कुटुंबाला भारी पट्टी, लहान कुटुंबाला हलकी. पण वेगळं झालो असं नुसतं तोंडाने सांगून चालणार नाही. वेगळी चूल तीच, जिचा धंदा वेगळा, अंगण वेगळं, आणि जिथे दुसऱ्या चुलीचं माणूस जेवत नाही की काम करत नाही. तसं जेवताना किंवा काम करताना कुणी सापडलं, तर दोन्ही घरं एक धरून पट्टी घेतली जाईल, वर दंड. हे बघायला गावोगाव मोजणीदार नेमले जातील.

गावचा पाटील म्हातारा होता. तो काठी टेकत उठला आणि म्हणाला, "कारकून, लोकांनी हौसेने चुली नाही मोडल्या. तुमच्याच हुकुमापायी मोडल्या."

कारकून म्हणाला, "पाटील, तेव्हाचा हुकूम तेव्हा. आताचा आता."

"आणि उद्या?"

"उद्याचं मला काय विचारता? मला आजचा सांगायला पाठवलंय."

कारकुनाचाही त्यात दोष नव्हता. तो जेवूनही गेला नाही. त्याला पुढच्या गावी पोचायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तेल्यांच्या अंगणात वाटणी झाली. राहीने तिची चूल पुन्हा घातली. माती तीच होती, जागा तीच होती. पण या वेळी तिने पांढरी बोटं ओढली नाहीत. अंगणाच्या मधोमध छातीएवढी भिंत उठली. भांडी वाटली, माठ वाटले, सरपण वाटलं. घाणा कसा वाटायचा, ते मात्र कुणाला कळेना. दोन भाऊ एका घाण्यावर दिसले तर धंदा एक ठरणार होता.

शेवटी भानजी म्हणाला, "दादा, घाणा तुझ्याकडे ठेव. मी बैल घेतो. बैलावर ओझी वाहीन."

शिदोबा म्हणाला, "बैल नसला तर घाणा ओढायचा कुणी?"

भानजी खाली बघत म्हणाला, "आणि घाणा नसला तर मी खायचं काय? दोन्ही तुझ्याकडे ठेवू का?"

भानजी हे सरळच बोलला होता. पण गेल्या वर्षभरात एका चुलीपुढे बसून जे साचलं होतं ते त्या बोलण्यात उतरलं, आणि शिदोबाला ते टोचलं. त्याने दावं सोडून भावाच्या हातात दिलं. बैल भिंतीपलीकडे गेला.

त्यानंतर शिदोबा स्वतः घाण्याला जुंपून घ्यायला लागला. छातीवर गोणपाटाची घडी, तिच्यावर दोर, आणि पुढे वाकून गोल गोल चालणं. म्हाळसा मागून दांडा ढकलायची. बैल दिवसभरात काढायचा त्याच्या पाव भागही तेल निघत नव्हतं. तिकडे भानजी बैल घेऊन वाटेवाटेने हिंडत होता. पण गावोगावच्या वाटण्यांनी बैल मोकळे झाले होते आणि ओझी वाहणारे उदंड झाले होते. त्यालाही कुणी विचारत नव्हतं. एका घाण्यावर दोन घरं जगत होती. आता अर्ध्या अर्ध्या धंद्यावर एकही धड जगत नव्हतं.

म्हाळसाने हे सगळं सोसलं असतं. तिला सोसवलं नाही ते वेगळंच.

लहान मुलांना वाटणी कळत नाही. गोजा रोज भिंतीवरून उतरून थोरल्या आईकडे यायची. म्हाळसा मोजणीदार जवळपास नाही हे बघून तिला दोन घास भरवायची. एक दिवस मोजणीदार गावात आला. माणूस तसा हसतमुख. त्याने वाटेत गोजाला थांबवलं, तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि विचारलं, "बाळ, आज कुणाकडे जेवलीस?"

गोजा खूश होऊन म्हणाली, "थोरल्या आईकडे!"

झालं. दोन्ही घरं एक धरली गेली. चढती पट्टी बसली, वर दंड बसला. शिदोबाकडचं सगळं तेल गेलं आणि राहीच्या गळ्यातलं डोरलं गेलं. राहीने त्या दिवशी गोजाला मारलं नाही. तिला मांडीवर घेऊन बसली आणि शांतपणे समजावलं, "गोजे, तिकडे जेवायचं नाही. कुणी दिलं तरी नाही. भूक लागली तरी नाही. तिकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. कळलं?"

भिंतीअलीकडे म्हाळसा सरपण रचत होती. तिने अक्षर न् अक्षर ऐकलं. तिला राग कुणाचा करावा तेच कळेना. मुलगी खरं बोलली होती. आई संसार वाचवत होती. मोजणीदार नेमून दिलेलं काम करत होता. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि तरी एका लहान मुलीला शिकवलं जात होतं, की जिने तुला न्हाऊमाखू घातलं तिच्या हातचं पाणी पिऊ नकोस.

गोजा शहाणी पोर. एकदा सांगितलेलं तिला पुरेसं होतं. ती परत भिंतीवर चढली नाही. समोरून येताना थोरली आई दिसली, की ती आईचा पदर धरून दुसरीकडे बघायला लागली.

उन्हाळा आला. एका दुपारी घाणा ओढता ओढता शिदोबाचा जुना दोर तुटला. तो तोंडावर आपटला, आणि घाण्याचा लाकडी दांडा निखळून त्याच्या पाठीवर आला. म्हाळसाने दांडा उचलायचा प्रयत्न केला. तो हललादेखील नाही. शिदोबाच्या तोंडातून नुसता घरघर आवाज येत होता. म्हाळसा भिंतीकडे तोंड करून किंचाळली, "भावजी! भावजी, धावा! तुमच्या दादाला..."

पलीकडे बैल धुणारा भानजी धावत आला. त्याने दोन्ही हात भिंतीवर टेकले, एक पाय वर घेतला. तेवढ्यात त्याची नजर समोरच्या कडुलिंबाखाली गेली. तिथे मोजणीदाराचा माणूस बसला होता. तो उठून उभा राहून बघत होता. घाण्याला हात लावला की धंदा एक. धंदा एक की दंड. आणि आता दंडात द्यायला बैलाशिवाय काही उरलं नव्हतं.

मागून राही आली. तिने भानजीचा खांदा धरला. ती नुसती धरून राहिली. भानजीचे हात भिंतीवर तसेच राहिले. म्हाळसाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, राहीच्या डोळ्यांत पाहिलं. मग भानजीचा वर घेतलेला पाय खाली गेला.

गावातली माणसं गोळा झाली, पाटील आला, दांडा उचलला गेला. नंतर लोकांनी मोजणीदाराच्या माणसाला विचारलं, की भावाने भावाला उचललं असतं तर तुम्ही खरंच दंड केला असता का? तो गडबडला. म्हणाला, "नाही बहुतेक. पण मला नक्की माहीत नाही. असं काही कायद्यात सांगितलेलं नाही."

शिदोबा जगला. पण त्याची कंबर पुन्हा सरळ झाली नाही. तो दिवसभर ओट्यावर वाकून बसायचा आणि थांबलेल्या घाण्याकडे बघत राहायचा. म्हाळसा लोकांची धुणी-दळणं करून दोघांचं पोट भरू लागली. भानजीने पाटलाच्या हाती जोंधळ्याचं गाठोडं पाठवलं. म्हाळसाने ते न सोडताच परत पाठवलं.

पाटील म्हणाला, "पोरी, त्याचंही काळीज जळतंय. हुकूमच तसा होता."

म्हाळसा म्हणाली, "पाटीलबाबा, हुकूम कडुलिंबाखाली बसला होता. भिंतीपाशी माझा दीर होता."

पाटलाने गाठोडं खांद्यावर घेतलं आणि तो निघून गेला.

दिवस गेले, वर्षं गेली. बांध कसाबसा पुरा झाला. जुना प्रधान म्हातारा होऊन घरी बसला आणि नवा प्रधान आला. हा मनाने हळवा होता. त्याने राज्यभर फिरून पाहिलं, मोडलेली घरं पाहिली, आणि राजाला हात जोडून म्हणाला, "महाराज, ही पट्टी काढून टाका. प्रजा फार सोसते आहे." राजालाही वाईट वाटलं. त्याने ती पट्टी एका दिवसात रद्द केली.

पुन्हा एकदा चावडीपुढे हलगी वाजली. "ऐका हो ऐका! महाराजांनी प्रजेवर दया केली आहे! चूलपट्टी माफ! तोंडांची मोजणी बंद! ज्याने त्याने पूर्वीसारखं सुखाने राहावं!"

दवंडीवाला थोडा वेळ थांबला. त्याला वाटलं होतं, लोक नाचतील, गुलाल उधळतील. लोक ऐकून घेऊन घरी गेले.

"पूर्वीसारखं" हा शब्द म्हाळसाच्या डोक्यातून जाईना. ती शिदोबापाशी येऊन बसली. हळूच म्हणाली, "बोलावू का त्यांना?"

शिदोबा मान वर करू शकत नव्हता. तो जमिनीकडे बघतच म्हणाला, "बोलाव. आपल्या मनात राहायला नको."

म्हाळसाने त्या दिवशी खपून स्वयंपाक केला. तिखट कमी घातलं. खीर केली. मग रस्त्याने वळसा घालून ती राहीच्या दारात गेली. राही धान्य पाखडत होती. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते, हे म्हाळसाने आज पहिल्यांदा पाहिलं.

"राही," ती म्हणाली, "आज जेवायला या सगळे."

राहीच्या हातातलं सूप थांबलं. "अक्का, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

पाहुण्याने बोलावं तसंच ती बोलली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं; पण वाईट असतं तर म्हाळसाला बरं वाटलं असतं.

ते आले. नीटनेटके कपडे घालून आले. भानजी भावाच्या पाया पडला, आणि त्या वाकलेल्या पाठीवर नजर जाताच त्याने तोंड फिरवलं. शिदोबा म्हणाला, "बस." भानजी बसला. मग पावसापाण्याचं बोलणं झालं, जसं वाटेवर भेटलेल्या दोन अनोळखी माणसांचं होतं.

म्हाळसाने पानं वाढली. गोजा आता परकर नेसणारी, उंच झालेली मुलगी होती. ती पानापुढे बसली, हात मांडीवर ठेवून. म्हाळसाने तिच्या पानात खीर वाढली आणि म्हणाली, "जेव गं माझ्या बाई."

गोजाने हात उचलला नाही. तिने आईकडे पाहिलं.

राही खालच्या आवाजात म्हणाली, "जेव. आता चालतं."

गोजाने एक घास घेतला. मग पुन्हा आईकडे पाहिलं. दुसरा घास घेतला, पुन्हा पाहिलं. म्हाळसा समोर बसून ते बघत होती. अर्धी खीर झाल्यावर गोजाने अगदी साधेपणाने विचारलं, "आई, उद्या आले तर चालेल का? की उद्या परत नसेल चालणार?"

राहीने म्हाळसाकडे पाहिलं. म्हाळसाने शिदोबाकडे पाहिलं. त्या घरात चार मोठी माणसं होती, पण त्या पोरीला उत्तर देऊ शकेल असं एकही नव्हतं. उद्या कुठली हलगी वाजेल, हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक होतं?

जेवणं झाली. राहीने म्हाळसाची भांडी घासून दिली, जशी पाहुणी घासून देते. निघताना भानजी उंबऱ्यात घुटमळला आणि त्याने थांबलेल्या घाण्याकडे एकदा पाहिलं. ते गेले. म्हाळसाने पुन्हा बोलावलं नाही, आणि राहीनेही तिला बोलावलं नाही. दोघींनाही एकमेकींचा राग नव्हता. राग केव्हाच विझून गेला होता, आणि राग जाऊन तिथे दुसरं काही उगवलं नव्हतं.

अंगणातली भिंत कुणी पाडली नाही. घाण्याचं लाकूड पावसाने कुजलं. शिदोबा आधी गेला; भानजीने त्याला खांदा दिला आणि तो सरळ घरी परतला. गोजा लग्न होऊन परमुलखात गेली. सासरी जाताना ती म्हाळसाच्या पाया पडली. म्हाळसाने तिच्या हातावर लाडू ठेवला. तिने तो खाल्ला नाही, पदराच्या गाठीला बांधून घेतला, आणि आईकडे एकदा पाहून गाडीत बसली.

राजाचं काय झालं म्हणता? राजा सुखात राहिला. आपण एक चुकीची पट्टी लावली होती आणि ती वेळीच काढून टाकली, याचं त्याला मरेपर्यंत समाधान वाटत होतं.

तात्पर्य: हुकूम एका दवंडीत लागतो आणि एका दवंडीत उठतो, पण त्या हुकुमापायी माणसांनी जे तोडलं, ते कुठल्याच दवंडीने सांधलं जात नाही.